कंबरभर गवत

चोपन्न सालच्या मार्गशीर्षात इद्रीस तांडेलाचा पडाव मांडवीचं मीठ घेऊन खाडीत शिरला. मांडवी म्हणजे रत्नागिरीची नव्हे, कच्छातली. मिठाच्या गोणींशेजारी दोरांनी चहूबाजूंनी बांधलेली एक गाय उभी होती. एवढी थोरली गाय वाडीत कुणी पाहिली नव्हती. करडा रंग, वर जाऊन आत वळलेली जाड शिंगं, उंच वशिंड. भरती आल्यावर खलाशांनी तिला पाण्यात लोटली आणि त्यांच्यातला मोरू दोर धरून तिच्याबरोबर पोहत काठाला आला.

काठावर त्याची थोरली बहीण आवडाबाई उभी होती. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. पुढं आईवडील गेले. मोरूला तिनंच वाढवला. रोज तरीनं खाडी ओलांडायची, रत्नागिरीच्या बाजारात मासळी विकायची आणि दिवस कलताना परत यायचं, यात तिची पंधरा-सोळा वर्षं सरली होती. स्वतःचं म्हणावं असं तिच्याकडे काही नव्हतं.

मोरूनं ओल्या अंगानं दोर तिच्या हातात दिला.

"बाय, ही तुझी. घराची नाय, माझी नाय. तुझी."

"अरे पण एवढं जनावर दिलंन कुणी तुला?"

"हमीर म्हणून एक म्हातारा रबारी हाय तिथं. गुरंच राखतात ती माणसं. यंदा त्यांच्याकडं पाऊस झाला नाय. त्या मुलखात गवत म्हणजे वीतभर, वाळूत फुटतं, चार सरींवर जगतं. यंदा तेवढंसुद्धा नाय. त्यानं विचारलंन, तुझ्या गावाला चारा कसा असतो? मी म्हटलं, कंबरभर गवत. त्याचे डोळे भरून आले गो! म्हणाला, मग हिला घेऊन जा, इथं उपाशी मरेल. पडावातले नारळ तेवढे घेतलेन, बाकी काय मागितलं नाय."

वाडीनं तिला कच्छीण म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव राहिलं. पौषात ती व्याली. वाडीतल्या गावठी गाई पेलाभर दुधाच्या, ही कासंडी भरून देई. आवडाबाईनं दूध विकलं नाही. कुणाच्या घरी बाळंतीण असली, कुणी आजारी असलं, की तिथं तांब्या पोचायचा. देवळात नैवेद्याला जायचा. आजवर 'मोरूची बहीण' म्हणून ओळखली जाणारी बाई आता दारात कधी येते, याची लोक वाट बघू लागले. संध्याकाळी गोठ्यात वासराला पाठीशी घेऊन बसली की तिला वाटे, देवानं उशिरा का होईना, आपल्याकडं तोंड वळवलं.

फाल्गुनात इद्रीस तांडेल एकटाच तिच्या दारात आला. आवडाबाई धार काढत होती. तो उंबऱ्याबाहेरच थांबला, डोक्यावरची टोपी काढून हातात धरलेली.

"आवडाबाय, दीवच्या समोर शिडाचा दोर तुटला. भर दुपार होती. शिडाच्या परबाणाचा वासा फिरून आला नि मोरूला पाण्यात घेऊन गेला. मी पडाव वळवला, दिवस बुडेपर्यंत तिथंच फिरवला. नाय सापडला."

धार तशीच पडत राहिली. कासंडी भरली तेव्हा ती उठली, वासराला सोडलं, आणि हातातली कासंडी कलती झाली. इद्रीसनं पुढं होऊन कासंडी तेवढी सावरली.

त्यानंतर गाय हेच तिचं माणूस झालं. मोरूचं कलेवर मिळालं नव्हतं, त्याच्या अंगाचा कपडासुद्धा समुद्रातच गेला. त्यानं हातात दिलेला दोर तेवढा राहिला होता.

उन्हाळ्यात वाडीवरच्या सड्याच्या माळावर फक्त तापलेला कातळ आणि करपलेल्या काड्या. कच्छिणीचं दूध घटलं, पण सगळे म्हणाले, थांब, पावसाळा येऊ दे, मग बघ तिचं अंग. पावसाळा आला. आषाढात सडा हिरवागार झाला, श्रावणात गवत इतकं माजलं की चरणाऱ्या गुरांची नुसती शिंगं दिसत. मोरूनं हमीरला सांगितलेलं सारं खरं होतं. कच्छीण दिवसभर चरायची, पोट नगाऱ्यासारखं टम्म करून घरी यायची, आणि तरी दिवसागणिक वाळत चालली होती. वशिंड एका अंगाला कललं. केस राठ झाले. चालताना तिचे पाय लाकडाचे असावेत तसे ताठ पडत आणि सांध्यांतून कटकट आवाज येई. वासराला दूध पुरेना. श्रावण संपता संपता ते गेलं.

मग ती माती चाटू लागली. वाळत टाकलेलं लुगडं चघळताना आवडाबाईनं तिला एकदा धरलं. आणि भाद्रपदात, गणपती दोन दिवसांवर आले असताना, शेजारची गंगुबाई धावत आली.

"आवडे, तुझी गाय हाडूक खाते गो!"

सड्याच्या टोकाला मेलेली ढोरं टाकायची जागा होती. आवडाबाई धापा टाकत तिथं पोचली, तेव्हा कच्छीण मान वर करून उभी होती. तोंडात पांढरं हाड आडवं धरलेलं, जबडा कराकरा फिरतोय, ओठांवरून फेस गळतोय. डोळे अर्धवट मिटलेले. बाळाला पाजताना बाईचे मिटतात तसे.

त्या वर्षी गणपतीला कुणी तिच्याकडून काहीच नेलं नाही. गाय आटलेलीच होती, पण ती दुभती असती तरी नेलं नसतं. देवळाच्या पायरीवर बायका बोलू लागल्या. मोरूला अग्नी मिळाला नाही, त्याचा जीव फिरत राहिला, तो गायीत शिरलाय, म्हणून ती असं खाते.

हे आवडाबाईच्या कानावर आलं तेव्हा ती चिडली. घरी आली, गायीला पेंढा टाकला आणि तिच्यासमोर बसून राहिली. बाहेर कुणी नाही असं बघून तिनं हळूच हाक मारली, "मोरू?" गायीनं मान वळवली. तिला कुणीही हाक मारली तरी ती मान वळवायची. आवडाबाईला ते ठाऊक होतं. तरी तिनं आणखी एकदा हाक मारली, आणि मग स्वतःचीच लाज वाटून तोंडाला पदर लावला.

गणपती गेल्यावर गुरांचा डॉक्टर लस टोचायला वाडीत आला. देशावरचा तरुण माणूस, चपला हातात घेऊन चिखलातून आलेला. बाकीची गुरं उरकून तो कच्छिणीपाशी आला आणि तिथंच थांबला. तिच्या बरगड्या, गुडघे, जबडा चाचपून बघितला.

"ही इकडची नव्हे."

"कच्छातली हाय. माझ्या भावानं आणली. डाक्टर, तिला भूत लागलंय म्हणतात."

"भूत नाही. उपास आहे."

"उपास? दिवसभर चरते हो ती!"

तो गोठ्यातल्या गवताच्या भाऱ्यावर बसला आणि त्यातली एक काडी काढून तिला दाखवली. "इथला पाऊस कातळावरच्या मातीतलं सगळं सत्त्व धुऊन समुद्रात नेतो. मग गवत वाढतं ते नुसत्या पाण्यावर वाढतं. दिसायला कंबरेएवढं, आत काही नाही. तिकडं पाऊसच नाही, त्यामुळे जमिनीतले क्षार जमिनीतच राहतात आणि गवतात उतरतात. वीतभर असलं तरी त्यात कस असतो. उभ्या उभ्या वाळलं तरी तो टिकतो. तुमच्या गावठी गाई लहान अंगाच्या, त्यांचं यावर कसंबसं भागतं. हिचा सांगाडा केवढा! शिवाय एवढं दूध दिलं. जे गवतातून मिळालं नाही, ते तिनं स्वतःच्या हाडांतून काढून दिलं. आता ती हाडं शोधत फिरते."

आवडाबाईनं ती काडी हातात घेतली, बोटांनी मोडून बघितली. मग म्हणाली, "म्हणजे आम्ही तिला खाऊन टाकलं."

"तसं मनाला लावून घेऊ नका. हाडांची भुकटी मिळते, ती मी मुंबईहून मागवतो. मीठ द्या, थोडी पेंड द्या. आणि सड्यावरचं हाड तोंडात जाऊ देऊ नका. सडलेल्या हाडात विष असतं, त्यानं जनावर लुळं पडून मरतं. बांधून ठेवा."

तिनं गायीला बांधलं. बांधलेली गाय दिवसभर खुंट चाटायची आणि रस्त्यानं कुणी गेलं की हंबरायची.

पावसाळ्यात पडाव शाकारून किनाऱ्यावर ठेवलेले असत. इद्रीस घरीच होता. एकदा तो आणि त्याची बायको हफीजा आवडाबाईकडं आली. हफीजानं गायीला बघितलं आणि तिच्या तोंडून नुसता "या अल्ला" एवढाच शब्द आला. डॉक्टर काय म्हणाला ते आवडाबाईनं सांगितलं.

इद्रीस विचार करून म्हणाला, "आवडाबाय, मी मस्कतच्या किनाऱ्याला बघितलंय. तिथं गवताचं नाव नाय. तिथल्या गाई सुकी तारली खातात. खजूर नि तारली. चांगल्या जाड असतात."

"गाय मासळी खाते?"

"माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

हफीजा म्हणाली, "मासळी नको तर काटे दे गो. काट्यात तेच असेल ना, हाडातलं? चुलीत भाजून घे नि कुटून घाल. आमच्या घरचे मी ठेवते तुझ्यासाठी."

आवडाबाईनं दोन दिवस मनाशी घोळवलं. गायीच्या तोंडात मासळी घालायची, या नुसत्या कल्पनेनं तिचे हात मागं येत. पण तिसऱ्या दिवशी कच्छीण बसली ती उठेना. आवडाबाईनं शेपटीला धरून, खांदा लावून तिला कशीबशी उभी केली आणि तशीच जाऊन चूल पेटवली. मोठ्या माशांचे काटे, डोकी भाजून राख-राख केली, जमिनीतल्या वायनात मुसळानं कुटली, कोंड्यात मीठ घालून कालवली. गायीनं घमेलं चाटलं, मग तिचे हात कोपरापर्यंत चाटले.

दसऱ्यापर्यंत फरक दिसू लागला. कटकट थांबली. ती आपल्या पायांनी उठायला लागली. आवडाबाई तिच्या मानेखाली खाजवत तिच्याशी मोरूच्या लहानपणच्या गोष्टी बोलायची.

पण भाजलेल्या काट्यांचा वास किती दिवस लपणार? आणि लपवायला ती तशी हुशारही नव्हती. गंगुबाईनं विचारलं, तिनं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी देवळात तिला बोलावणं आलं.

वाडीचा प्रमुख भिकाजी गावकर मधोमध बसला होता. मोरूच्या बापाबरोबर त्यानं उभं आयुष्य समुद्रात काढलं होतं. आवडाबाईला त्यानं लहानपणी खांद्यावर घेतलेलं. तो तिच्याकडं न बघताच बोलला.

"आवडे, मासळी आपण खातो. गाय खात नाय. गाय बाटवलीस तू."

"भिकाजीदादा, ती मरत होती. येऊन बघा, आता चालते."

"मेली असती तर गाय म्हणून मेली असती."

"डाक्टर म्हणाला—"

"डाक्टरची भुकटी आली ना काल? कसली ती?"

खोटं बोलता आलं असतं. डबा बंद होता, आत काय ते कुणाला कळणार नव्हतं. पण देवळात उभी असताना तिच्या तोंडून दुसरं काही निघेना.

"हाडांची."

कुणीतरी चुकचुकलं. भिकाजीनं हात वर केला. "एकतर ते बंद कर. नाय तर गायीला कळपात घेणार नाय, सड्यावर येऊ देणार नाय, नि तुझ्या दारात कुणी पाय ठेवणार नाय. तू एकटी बाईमाणूस, उद्या आजारी पडलीस तर तुला पाणी कोण देईल, याचा विचार कर."

ती घरी आली आणि तिनं बंद केलं. आठवडाभरात कटकट परत आली. गाय घमेल्याकडं बघायची, रिकामं घमेलं चाटायची, मग तिच्याकडं बघायची. ती नजर आवडाबाईला सोसेना. एका सकाळी ती उठली आणि तडक किनाऱ्यावर गेली. मोसम सुरू होत होता, इद्रीसचा पडाव पाण्यात उतरवला होता.

"इद्रीसभाई, कच्छला कधी जाताय?"

"याच पंधरवड्यात."

"तिला घेऊन जा. जिथून आणली तिथं नेऊन सोडा."

इद्रीसच्या हातातला दोर तसाच राहिला. "आवडाबाय, मोरूची एवढीच खूण उरलीय तुझ्याकडं."

"मोरू मेला. ही जिती हाय."

तो खाली बघत म्हणाला, "मी माझ्या गोठ्यात ठेवली असती. हफीजानं पोटच्या पोरीसारखी बघितली असती. पण गाय आमच्या दारात बांधली तर तुमची माणसं काय म्हणतील, नि मग आमची काय म्हणतील, हे तुला सांगायला नको."

"म्हणून तर तुमच्याकडं ठेवा म्हटलं नाय."

तिथून ती भिकाजीकडं गेली. पडाव सुटेपर्यंत काटे-भुकटी घालू द्या म्हणाली, गायीला अंगात बळ हवं, वाटेत पडली तर उठायची नाही. भिकाजीनं ऐकून घेतलं. पान जुळवत बसला होता, ते बाजूला ठेवलं.

"तोपर्यंत मी तुझ्या गोठ्याकडं फिरकत नाय," तो म्हणाला. "नि कुणी काय बोललं तर ते माझ्या कानांना ऐकू यायचं नाय."

जायच्या दिवशी भरती सकाळची होती. होडीत फळ्या टाकून गायीला पडावापर्यंत नेली. कच्छिणीनं काही त्रास दिला नाही, माणसं नेतील तशी गेली. आवडाबाई गुडघाभर पाण्यात उभी होती. तिनं भुकटीचा डबा आणि कुटलेल्या काट्यांची पिशवी इद्रीसच्या हाती दिली. रोज किती घालायचं, कोंडा किती, मीठ किती, हे पुन्हा पुन्हा सांगितलं. इद्रीस प्रत्येक वेळी मान हलवत होता. शीड चढलं तशी गायीनं एकदा हंबरून घेतलं. मग पडाव खाडीच्या तोंडाशी वळला.

गोठ्यात परत आल्यावर तिनं शेण काढलं, जमीन सारवली. सारवून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आता इथं सारवायची गरज नव्हती.

पडाव परत आला तो मार्गशीर्षात. इद्रीस आधी तिच्याकडं आला, मग घरी गेला. ओटीवर बसून त्यानं पाणी मागितलं. तिनं तांब्या दिला आणि उभी राहिली.

"पोचली," तो म्हणाला. "दीवच्या पुढं वारा पडला होता, दोन दिवस ती बसूनच होती. मला वाटलं, गेली. पण पोचली. उतरवली तेव्हा पाय थरथरत होते. हमीरला निरोप गेला, तो आला. त्यानं तोंडानं एक आवाज केलान, नि ती त्याच्याकडं चालायला लागली."

"गवत होतं?"

"होतं, यंदा पाऊस झालाय. पण कसलं गवत! पिवळं, वीतभर, वाळूत इथं एक झुपका, तिथं एक. मी म्हटलं, ही काय खाणार. पहिल्या झुपक्याशी थांबली ती मान वर केलीनच नाय. मी माल भरेपर्यंत तिथं होतो, रोज जाऊन बघत होतो. जाताना बघितली तेव्हा वशिंड सरळ व्हायला लागलं होतं."

"मागं बघितलंन?"

"नाय."

"बरं झालं," आवडाबाई म्हणाली.

इद्रीसनं तांब्या खाली ठेवला. "म्हाताऱ्यानं विचारलंन, तो पोरगा नाय आला? मी समुद्राकडं हात केला. तो वाळूतच बसला. मग म्हणाला, पोरगा खोटं तर बोलला नव्हता ना? होतं ना गवत कंबरभर? मी म्हटलं, होतं."

आवडाबाईचा हात ओटीच्या खांबावर होता. ती हळूहळू खाली बसली.

"तो म्हणालाय, तिला कालवड झाली की पहिली कालवड त्या पोराच्या बहिणीला. पुढच्या साली मी घेऊन येईन, तू म्हणत असशील तर."

"नको," ती म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, "सांगा त्याला, नको पाठवू. तिथंच चरू दे."

इद्रीस उठून गेला. दुसऱ्या दिवशी वाडीची माणसं सड्यावर गवत कापायला निघाली, तशी आवडाबाईही कोयता घेऊन निघाली. घरं शाकारायला ते गवत लागे. सकाळचं कोवळं ऊन पडलं होतं. वाळून सोनेरी झालेलं गवत कंबरेला लागत होतं आणि वाऱ्यानं सळसळत होतं. गंगुबाई तिच्या शेजारच्या ओळीत कापत होती. बऱ्याच दिवसांत दोघी बोलल्या नव्हत्या. दोन-तीन पेंढ्या बांधून झाल्यावर गंगुबाईनं कंबर सरळ केली.

"यंदा गवत चांगलं आलंय," ती चाचरत म्हणाली.

"होय," आवडाबाई म्हणाली, आणि पुढची मूठ धरून कापायला वाकली.